सिस्टम घेत नाही, देवाच्या मनात नाही

(अण्णांच्या स्मृतिप्रीत्यर्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना या सभागृहातले निम्मे लोक अण्णा म्हणत. उरलेल्या निम्म्यांचं कर्ज त्यांनी कधी ना कधी नाकारलेलं असणार. (हशा) तेही अण्णाच म्हणत, फक्त जरा वेगळ्या आवाजात. मी बँकेत नोकरीला होतो आणि अण्णा आमच्या कर्ज समितीवर. गळ्यात तुळशीची माळ, सदऱ्याच्या खिशात कॅल्क्युलेटर. या दोन्हींतली एकही गोष्ट घरी विसरून ते बैठकीला आले, असं मला आठवत नाही.

संयोजकांनी ‘धर्मश्रद्धा, माहिती-तंत्रज्ञान आणि चांगला निर्णय’ हा विषय दिला, तेव्हा मी विचारलं, ‘यांचं भांडण लावायचंय की लग्न?’ ते म्हणाले, तुम्हीच ठरवा. ठरवायचं म्हटल्यावर मला काउंटरच्या आतबाहेर आयुष्यभर ऐकलेली दोन वाक्यं आठवली. काउंटरच्या आतून येणारं वाक्य, ‘सिस्टम घेत नाही.’ बाहेरून येणारं, ‘देवाच्या मनात नाही.’ एक तंत्रज्ञानाचं, दुसरं श्रद्धेचं. पण कान देऊन ऐका, दोन्हींची घडण सारखीच आहे. दोन्हींत ज्यानं ठरवलं तो माणूस वाक्यातून निसटून गेलेला असतो. आजचं माझं सगळं बोलणं त्या निसटलेल्या कर्त्याबद्दल आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. मालवण तालुक्यात मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा भरते. कालनिर्णय काढून बघा, दाते पंचांग उघडा, तारीख सापडायची नाही, कारण ती तिथीवर ठरतच नाही. पारंपरिक विधी उरकून देवीचा कौल घेतात आणि मग तारीख बाहेर पडते. बाहेर पडली की पुढे काय होतं, ते मुंबईतल्या प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे. देवळाच्या सभामंडपातली बातमी चहा निवायच्या आत लालबागच्या आणि डोंबिवलीच्या फोनवर पोचते. रेल्वेच्या तिकिटांवर उड्या पडतात, जादा गाड्यांची मागणी होते, ऑफिसात रजेचे अर्ज जातात. तारीख देवीनं दिली, आरक्षण सर्व्हरनं दिलं, आणि यात कोणाला काही विसंगत वाटत नाही. श्रद्धा आणि तंत्रज्ञान एका खोलीत नांदू शकत नाहीत, असं म्हणणाऱ्यानं एकदा त्या दिवसांत कोकण रेल्वेत बसून दाखवावं. म्हणजे आधी तिकीट मिळवून दाखवावं. (हशा)

तेव्हा नांदणं हा प्रश्न नाही. नांदतात. प्रश्न असा की दोघं मिळून आपल्याला शहाणं करतात की दोघं मिळून पळवाट देतात?

त्यासाठी कौल जरा जवळून पाहू. माझ्या लहानपणी मी गुरवाच्या मागे उभा राहून तो कितीदा तरी पाहिला आहे. पाषाणावर भिजवलेले कळे किंवा तांदूळ लावतात. गोव्यातल्या देवळांत मूर्तीवर पाकळ्या लावून प्रसाद घेतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. लहान पोराची नजर कळ्यावर असते, तो आता पडतो की मग. कळ्याच्या आधीची गोष्ट मोठेपणी लक्षात येते, ती म्हणजे गाऱ्हाणं. प्रश्न मनात धरून चालत नाही, मोठ्यानं मांडावा लागतो. कोणासाठी विचारतोय, काय अडलंय, काय चुकलं असेल तर पदरात घे, असं सगळ्या गावासमोर बोलावं लागतं आणि प्रत्येक वाक्यावर जमलेले लोक ‘होय म्हाराजा’ म्हणतात. ‘होय’ म्हणणारा तिथे साक्षीदार होतो. गोलमोल प्रश्नाला कौल लागत नाही. ‘माझं भलं होऊदे’ ही प्रार्थना झाली. ‘विहीर या अंगाला खणू की त्या अंगाला’ हा कौलाचा प्रश्न. आणि तो नेमका करता करताच निम्मा निर्णय झालेला असतो.

मालवण तालुक्यातल्याच आचऱ्याची गावपळण घ्या. दर तीन-चार वर्षांनी अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. गुरंढोरं, कोंबड्या, सगळ्या जातिधर्मांची माणसं. जायचं कधी हे रामेश्वराच्या कौलावर ठरतं आणि परत यायलाही कौल लागतो. भूतखेत मी मानत नाही. पण इतकी माणसं कुलपांवर भरवसा ठेवून घर सोडतात आणि कोणी कोणावर सक्ती केल्याचं बोलत नाही, यामागे काहीतरी आहे. निर्णय अमक्या पुढाऱ्याचा नाही, सगळ्यांच्या साक्षीनं मागितलेला आहे, हा तो भरवसा.

आता याची काळी बाजू सांगितली नाही तर अण्णा मला स्वर्गातून नोटीस पाठवतील. गाऱ्हाणं घालायचा मान कोणाला? गावात तो ठरावीक घराण्यांना. बाईनं गाऱ्हाणं घातलेलं मी लहानपणी पाहिलं नाही. ज्याच्या हातात प्रश्न, त्याच्या हातात उत्तर. देवाच्या नावावर माणसं वाळीत टाकली गेली, विधवांच्या जमिनी लाटल्या गेल्या, आणि विचारलं तर उत्तर एकच, ‘देवाच्या मनात आहे.’ सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला, तो उगाच नाही. साक्ष सगळ्यांची असेल तर कौल पवित्र. पाचांनीच प्रश्न घडवला असेल तर ती नुसती सत्ता, अंगावर फुलं घातलेली.

श्रद्धेला माहितीचं वावडं असतं, असं समजणाऱ्यांनी पंचांगाचा इतिहास वाचावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे मोठा वाद पेटला. जुन्या सारण्यांवरून काढलेलं गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत फरक पडत होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक ही मंडळी म्हणत होती की गणित दृक्प्रत्ययी हवं. म्हणजे पंचांगात लिहिलेला ग्रह वर बघितल्यावर तिथेच दिसला पाहिजे. व्रतवैकल्यं मानणारी माणसंच हे म्हणत होती, हे विसरू नका. एकादशी करायची तर ती खऱ्या एकादशीला करू, इतका साधा आग्रह. पुढे स्वतंत्र भारतात मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९५५ साली आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

मग वाद मिटला का? टिळक पंचांग पाळणाऱ्यांच्या घरी अधिक मासाच्या हिशेबामुळे काही वर्षी गणपती महिनाभर आधी येतात. एकाच वाडीत एका घरी आरती आणि शेजारच्या घरी मखराचा पत्ता नाही. दोन्ही घरांकडे गणित आहे. आज तर मोबाइलवरचं अॅप पुढच्या शंभर वर्षांच्या तिथी क्षणात सांगेल. पण पाट कधी मांडायचा हे अॅप ठरवत नाही. ते त्या घरानं ठरवायचं आणि शेजारच्या घरानं निमूटपणे मोदक खायला जायचं. आकाश किती सरकलं ते गणितानं सांगावं. शेजाऱ्याशी कसं वागावं, हा प्रश्न त्यानंतर शिल्लक राहतो.

हा प्रश्न शिल्लक राहतो हे आपण विसरलो, की काय होतं? दोन उदाहरणं देतो. एकावर हसता येईल, दुसऱ्यावर येणार नाही.

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो ही बातमी सकाळी उठली आणि दिवस मावळायच्या आत परदेशातल्या देवळांपर्यंत गेली. देशातला पहिला मोबाइल कॉल होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. हे सगळं केलं साध्या फोननं, एसटीडी बूथनं आणि टीव्हीनं. आमच्या शाखेत त्या दिवशी दुपारनंतर कॅशियर सोडून कोणी नव्हतं. कॅशियर नास्तिक होता म्हणून नव्हे, त्याच्याकडे चाव्या होत्या म्हणून. (हशा) पुढे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून पृष्ठताण आणि केशाकर्षण दाखवलं, दूध मूर्तीवरून खाली ओघळताना स्पष्ट दिसलं. एक लोटा दूध गेलं, बाकी नुकसान नाही.

आता दुसरं. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवड्याच्या बाजाराचा रविवार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी गावात आले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, हे संदेश त्या सुमारास फोनाफोनांतून फिरत होते. लोकांनी त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मारून टाकलं.

मी या घटनेपाशी पुन्हा पुन्हा येतो. डवरी गोसावी म्हणजे काय हे महाराष्ट्राच्या खेड्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. डमरू, झोळी, नाथांचं नाव, दारात उभं राहायची रीत. आपल्या आज्या त्यांना सुपातून पसाभर धान्य घालत आणि दोन प्रश्नही विचारत, ‘कुठले तुम्ही? कोणत्या वाटेनं आलात?’ ती श्रद्धाही होती आणि चौकशीही होती. राईनपाड्यात त्या दिवशी माहितीची कमतरता नव्हती, उलट प्रत्येक खिशात होती. कमी पडलं ते सुपातलं धान्य घेऊन दारापर्यंत येणं आणि समोरच्या माणसाला विचारणं. संदेश कोणी पाठवला याला उत्तर नव्हतं, कारण प्रत्येकानं तो फक्त पुढे ढकलला होता. त्या महिन्यातच व्हॉट्सअॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. उपाय चांगला होता. पण पाच ठिकाणी पाठवण्याआधी एकदा थांबायचं कोणी, ते कंपनी ठरवू शकत नाही.

आता बँकेत येतो, कारण समोरच्या माणसाला न विचारण्याच्या या गुन्ह्याची छोटी आवृत्ती मी स्वतः केलेली आहे.

संगणक आले, मग कर्जदाराचा स्कोअर आला. तीनशे ते नऊशे. सातशे-साडेसातशेच्या वर असला की आम्ही खूश. एका बाईचा अर्ज आला. मासे विकणारी, नवरा वारलेला, बर्फाच्या पेट्या आणि जुना टेम्पो घ्यायला कर्ज हवं होतं. मी नाव टाकलं, पडद्यावर आलं, उणे एक. नऊशेपैकी उणे एक! मी तिला सांगितलं, ‘बाई, सिस्टम घेत नाही.’ ती जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘साहेबानू, माजां नाव तुमच्या मशनीत नाय, म्हंजे मी चोर काय?’ मी वर पाहिलं नाही. मला वाटलं, मी नियम पाळतोय.

अण्णांनी बैठकीत तो अर्ज उलटा सुलटा केला आणि मला विचारलं, ‘उणे एक म्हंजे काय रे?’ मी म्हटलं, अगदीच वाईट. ते म्हणाले, ‘वाईट म्हणून खंय लिवलां हा? वाचून दाखव.’ मी कागद शोधला, वाचला आणि ओशाळलो. उणे एक म्हणजे वाईट इतिहास नव्हे, उणे एक म्हणजे इतिहासच नाही. तिनं कधी बँकेचं कर्ज काढलंच नव्हतं. पडदा खोटं बोलला नव्हता. त्यानं ‘मला माहीत नाही’ असं सांगितलं होतं आणि मी ते ‘नाही’ असं वाचलं होतं.

यानंतर अण्णांनी काय केलं ते नीट ऐका, कारण माझा सगळा विषय त्यात आहे. ‘गरीब बाई आहे, देव बघून घेईल, द्या कर्ज’ असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी आणखी माहिती मागवली. बर्फाच्या कारखान्याची उधारीची वही आणवली. ती ज्या भिशीत होती तिथे चौकशी केली. आणि मग मला म्हणाले, ‘पावसाळ्यात काय करतली ती?’ मासेमारी जून-जुलैत बंद. आमचं सॉफ्टवेअर बारा महिन्यांचे बारा सारखे हप्ते पाडत होतं. अण्णांनी दोन महिने वगळून हप्ता बसवायला लावला, दोन जामीन घेतले आणि मागितलेल्यापेक्षा थोडी कमी रक्कम मंजूर केली.

मी नंतर विचारलं, अण्णा, एवढा खटाटोप का? ते म्हणाले, ‘संध्याकाळी हरिपाठाक बसतंय तेव्हा हीच बाय डोळ्यासमोर इली तर मी काय सांगू? मशीन नको म्हणत होती म्हणून?’

त्यांच्या श्रद्धेनं त्यांना उत्तर दिलं नाही. तिनं त्यांना उधारीची वही आणवून बघायला लावली. आणि हीच श्रद्धा दुसऱ्या बाजूनंही चालायची. एकदा त्यांच्याच दिंडीतला एक गृहस्थ कर्जाला आला, कपाळी बुक्का, तोंडी सतत माउली. आकडे जुळत नव्हते, परतफेड होणं शक्य नव्हतं. अण्णांनी नाकारलं. तो म्हणाला, अण्णा, आपण एका माळेचे! अण्णा म्हणाले, ‘माळ गळ्यात घालूची. जामीन म्हणून लिवची नाय.’

निर्णय शेवटी माणसाचाच, याच गोष्टीशी जगातले फार वेगळे लोक वेगवेगळ्या वाटांनी येऊन पोचले आहेत. जोसेफ वायझेनबाम हा संगणकशास्त्रज्ञ, नाझींच्या जर्मनीतून मुलगा असताना अमेरिकेत आलेला ज्यू. १९६६ साली त्यानं एलायझा नावाचा संगणक-प्रोग्रॅम जगासमोर मांडला, टाइप केलेल्या वाक्याला मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरसारखं उलट वाक्य देणारा. लोक त्या यंत्रापाशी मन मोकळं करू लागले, तेव्हा तो हादरला. १९७६ च्या त्याच्या पुस्तकाचा रोख असा, की यंत्राला काय जमेल एवढंच विचारू नका, जमत असलं तरी यंत्राकडे काय सोपवू नये हेही विचारा. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १४ जून २०२४ रोजी, इटलीत जी-सेव्हन राष्ट्रांच्या बैठकीत पोप फ्रान्सिस कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलले. अशा बैठकीला जाणारे ते पहिलेच पोप. त्यांनी एक भेद केला तो मराठीत सहज येतो, निवड आणि निर्णय. यंत्र निकष लावून निवडू शकतं. निर्णय माणसाचा, कारण तो अंतःकरणातून जातो. माणसाचा जीव घ्यायचा की नाही हे कोणत्याही यंत्रानं ठरवू नये, हेही त्यांनी तिथेच बजावलं.

आपल्याकडे हा विचार कुठे आहे म्हणून विचाराल, तर विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ज्या ग्रंथावर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, त्या गीतेच्या अठराव्या अध्यायात शेवटी शेवटी आहे. कृष्ण अर्जुनाला सगळं सांगून झाल्यावर म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. साक्षात देव समोर असताना, विश्वरूप दाखवून झाल्यावर, निर्णय अर्जुनाचा. ‘मला एकट्याला शरण ये’ हे त्यानंतर येतं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी सगळी माहिती, मग विचार, मग स्वतःचा निर्णय, आणि मग शरणागती, म्हणजे फळ आपल्या हाती नाही याची कबुली. आपण क्रम उलटा करतो. आधी शरण जातो, देवाला किंवा यंत्राला, आणि विचार कायमचा राहून जातो.

आज इथे बसलेल्या तरुणांच्या फोनमध्ये असं यंत्र आहे, जे विचारलं ते सांगतं. लग्न करू का, आईला आयसीयूत ठेवू का घरी नेऊ, गावचं घर विकू का. ते उत्तर चटकन देतं आणि छान भाषेत देतं. विचारा, जरूर विचारा. आजाराबद्दल, कायद्याबद्दल, व्याजाच्या हिशेबाबद्दल इतकी माहिती आमच्या पिढीला हात जोडूनही मिळाली नसती. फक्त आपल्या पूर्वजांची एक रीत सोडू नका. विचारण्याआधी गाऱ्हाणं घाला. म्हणजे प्रश्न मोठ्यानं, ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्यांच्यासमोर मांडा. आईबद्दलचा प्रश्न फोनला रात्री दोन वाजता एकट्यानं विचारून मोकळे होऊ नका. सकाळी भावंडांसमोर विचारा, आणि शुद्धीवर असेल तर आईसमोरही. गाऱ्हाण्याचा मान आता गावच्या पाच घराण्यांकडे नको, सुनेकडेही असू द्या. कोण ‘होय’ म्हणतंय आणि कोण गप्प आहे, ते फोनला दिसत नाही. ते तुम्हाला बघावं लागेल.

शेवटी पुन्हा अण्णांकडे. बँकेची भाषा तुम्हाला माहीत आहे. ‘कर्ज मंजूर करण्यात येत आहे.’ ‘अर्ज फेटाळण्यात आला आहे.’ ‘आपणांस कळविण्यात येते की.’ सगळं आपोआप होत असतं, करणारा कोणी नसतो. अण्णा टाइप केलेली टिपणी वाचायचे, ‘मंजूर करण्यात यावे’ या शब्दांवर काट मारायचे आणि समासात पेनानं लिहायचे, ‘मी शिफारस करतो’, खाली कारण, खाली सही. आमचे मॅनेजर वैतागायचे.

निवृत्तीच्या वेळी जुन्या फायली लावताना त्या मासेवाल्या बाईची फाइल माझ्या हाती आली. कर्ज फिटलं होतं, मधले दोन हप्ते उशिरा आले होते. तिच्या शेजारीच दुसरी एक फाइल होती, एका तरुण मुलाच्या वर्कशॉपची. तिलाही अण्णांची शिफारस होती, आणि ते कर्ज बुडालं होतं. समासात तेच अक्षर, तोच पेन: ‘माझा अंदाज चुकला. मुलाची चौकशी केली, वर्कशॉप बघायला गेलो नाही.’ खाली तारीख आणि पूर्ण सही.

मी ती दोन्ही पानं झेरॉक्स करून ठेवली आहेत. नवीन लागलेली मुलं भेटायला येतात तेव्हा दाखवतो. पहिली फाइल सगळ्यांना आवडते. दुसरी वाचल्यावर मात्र मुलं थोडा वेळ गप्प होतात.